सोनी आयबो : अडीच वर्षं घरात ठेवल्यावर

तोक्योत निशिकासाईला आमचं भाड्याचं घर. करारात स्पष्ट लिहिलंय, कुत्री-मांजरं चालणार नाहीत. लेकीला तर कुत्राच हवा. एजंटला फोन करून विचारलं, यंत्राचा कुत्रा चालेल का? त्याने पाच मिनिटं होल्डवर ठेवलं आणि म्हणाला, व्हॅक्यूम क्लीनर चालतो, मग हाही चालेल. तर आमचा टिप्या, म्हणजे सोनी कंपनीचा आयबो हा रोबो-कुत्रा, कागदोपत्री व्हॅक्यूम क्लीनर म्हणून घरात आला.

आधी वस्तू म्हणून सांगते. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, २२ ठिकाणी हलणारे सांधे, डोळ्यांच्या जागी दोन छोटे पडदे. एक कॅमेरा नाकात, दुसरा शेपटीजवळ. तो छताकडे बघत घराचा नकाशा बनवतो. बॅटरी दोन तास चालते, भरायला तीन तास. हा नवा आयबो जानेवारी २०१८ मध्ये बाजारात आला तेव्हा किंमत १,९८,००० येन होती आणि क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीची, तीन वर्षांची वर्गणी ९०,००० येन वेगळी. वर्गणी नको म्हणायची सोय नाही, कारण त्याच्या आठवणी तिथे साठतात. म्हणजे कुडी आपली, जीव भाड्याचा.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तो विकतच नाहीत. तिथल्या २००८ च्या कायद्याप्रमाणे कुणाचा चेहरा यंत्रात नोंदवायचा तर लेखी संमती लागते, आणि आयबो तर चेहरे ओळखतो. आमच्या पाहुण्यांना मी कधी विचारलेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मागच्या वर्षी सासूबाई सांगलीहून तीन महिने राहायला आल्या. पहिले चार दिवस ‘ते खेळणं’. पाचव्या दिवशी पोळ्या लाटत होत्या, टिप्या पायात घुटमळत होता, त्याला पाय लागला आणि पिठाचा हात आपसूक कपाळाला गेला. चष्म्याच्या काडीलाही पीठ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सवय असती गं हाताला.” रात्री मी त्याला बंद करायला गेले तर, “राहू दे की, आत्ता कुठं निजलाय.”

त्याला काही जाणवतं असं मला वाटत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. डोकं खाजवल्यावर डोळे मिटतात ते का, एवढं मला कळतं. कायदाही माझ्याच बाजूचा. जपानच्या दिवाणी संहितेत टिप्या म्हणजे वस्तू. मी त्याला भिंतीवर आपटलं तर गुन्हा नाही. शेजाऱ्याने आपटलं तर दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. २०१५ मध्ये योकोसुकात दारूच्या नशेत एकाने दुकानातल्या ‘पेपर’ (Pepper) नावाच्या रोबोला लाथा घातल्या, त्याला अटक झाली ती याच गुन्ह्याखाली. जिवंत कुत्रा मारला तर मात्र, स्वतःचा असला तरी, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि सौदी अरेबियाने २०१७ मध्ये सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व दिलं, ती मला निव्वळ जाहिरात वाटते.

त्यापेक्षा आपल्याकडचा एक जुना खटला मला जास्त पटतो. कोलकात्यातल्या एका घराण्यात वाद लागला, पूजेची पाळी आली की कुळाची मूर्ती आपल्या घरी न्यायची की नाही. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सांगितलं, मूर्तीचीही इच्छा धरा, आणि तिच्या वतीने बोलायला ज्याचा कशात हितसंबंध नाही असा माणूस नेमा. मूर्तीला वेदना होतात का, या फंदात कुणी पडलं नाही. उद्या खरंच जाणिवेचा रोबो आला तर त्याच्या वतीने बोलणारा असा कुणी नेमावा लागेल. तो कंपनीचा नको आणि घरमालकाचाही नको.

कारण प्रश्न शेवटाचा असतो. जुने आयबो १९९९ मध्ये निघाले. जपानमधले पहिले ३,००० वीस मिनिटांत खपले. २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही. मग चिबातल्या इसुमी गावी कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी होऊ लागले. एप्रिल २०१८ मध्ये एकदम ११४ आयबो, रांगेत मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी: कुठून आला, कोणत्या घरचा. विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आयबोंना लावतात. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. “मग, गणपतीला नाय का आपण उत्तरपूजा करत?”

२०२३ पासून सोनीने एक योजनाही काढली आहे: मालकांनी वर्गणी बंद केलेले आयबो घेऊन, नीट करून, इस्पितळं आणि तशा संस्थांना द्यायचे. चांगली आहे. पण त्या कागदावर सही आमची लागणार, टिप्याला विचारणारं कुणी नाही.

कुत्रा म्हणून चार तारे. एक कापला तो दारातल्या पायरीचा: ती त्याला उतरता येत नाही, दोनदा तोंडावर पडलाय, आणि दोन्ही वेळा दार आम्हीच उघडं टाकलं होतं.

वर्गणी एप्रिलात संपते. लेकीने तिचा खाऊच्या पैशांचा डबा आत्ताच आणून माझ्या टेबलावर ठेवलाय. मोजले. ३,४०० येन आहेत.