परदेशी शिष्यवृत्तीचा निबंध लिहून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा: माझ्या मायचं दुखणं नमुना म्हणून विकलं गेलं

एसओपी (हा अभ्यासक्रम का शिकायचाय, ते सांगणारा प्रवेशअर्जातला निबंध) आणि शिष्यवृत्तीचे निबंध ‘घडवून’ देणारे सल्लागार पुण्यात आता गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एका बाईंनी माझ्याकडून पैसे घेतले आणि वर माझ्या घरची हकिगत दुसऱ्यांना विकली. घरातून पहिल्यांदाच कुणी परदेशी शिकायला निघालं असेल, तर हे पूर्ण वाचा.

मी बीड जिल्ह्यातली. आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे, आमची अर्धी शाळा फडातल्या कोपीवर बुडायची. सार्वजनिक आरोग्य हा विषय का शिकायचाय, ते सांगताना पहिल्या मसुद्यात मी एवढंच लिहिलं होतं. सल्लागार मॅडमना ते कोरडं वाटलं. “अगं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. घरात कुणी गेलंय का? कर्ज, दारू, मारहाण, काहीतरी असेलच ना?” मग म्हणाल्या, व्हॉट्सॲपवर मनात येईल ते बोलून पाठव, त्यातलं मी निवडते.

त्या बोलण्यात मायच्या ऑपरेशनचं आलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारने समिती नेमली. मायची पिशवी त्याच्या कितीतरी आधी गेली होती. “खाडा परवडंना, म्हणून काढली,” असं ती मला एकदाच बोलली होती. खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, त्याचा मुकादम दंड लावतो.

मसुदा परत आला तेव्हा त्यात माझे वडील मेलेले होते. कर्जापायी आत्महत्या! ते तर गावी शेळ्या राखत होते. मी हे खोटं चालणार नाही म्हटलं, तर उत्तर आलं, “सगळे असंच लिहितात.” पैसे परत द्यायला साफ नकार. शेवटी अर्ज मी माझ्या शब्दांत लिहून पाठवला. निवड झाली नाही.

पुढच्या वर्षी वसतिगृहातल्या एका ज्युनिअरने विकत घेतलेली पीडीएफ मला दाखवली: ‘निवड झालेले नमुना निबंध’. त्यातल्या एकात मराठवाड्यातला कुणी मुलगा होता. त्याच्या आईचं ऑपरेशन, मुकादमाचा दंड आणि मायचं ते वाक्य, इंग्रजीत, जसंच्या तसं. जी गोष्ट मायने शेजारणीलासुद्धा सांगितली नाही, ती किती अनोळखी पोरांच्या फाइलीत गेली कोण जाणे.

आणि नुकसान इथे थांबत नाही. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज हाताळणारी युकास ही संस्था निबंधांतला सारखेपणा तपासते. २००७ मध्ये तिला तब्बल २३४ अर्जांत एकच किस्सा सापडला होता: लहानपणी रसायनांशी खेळताना पायजमा जळाल्याचा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीतही उचललेला मजकूर सापडला तर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणजे उद्या मी पुन्हा अर्ज केला आणि माझ्याच आईबद्दल लिहिलं, तर चोर मी ठरू शकते.

दुःख जितकं मोठं तितकी संधी मोठी, ही भीती हेच लोक पेरतात. चेव्हनिंगचे प्रश्न नेतृत्व, लोकसंपर्क, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढचं काम यांबद्दल असतात. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठासारख्या ठिकाणी ‘पर्सनल हिस्ट्री’ मागतात, तिथेही तुमच्या पार्श्वभूमीतून हे शिकायचं कसं ठरलं, ते विचारतात. घरातलं काय सांगायचं आणि काय झाकून ठेवायचं, ते तुम्ही ठरवा, आणि ज्याचं दुखणं आहे त्याला आधी विचारा. चेव्हनिंग किंवा अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या अर्जाला फी नसते, एजंटही लागत नाही. भाषा तपासायला कॉलेजातले सर-मॅडम किंवा तिथे शिकून आलेले सीनिअर बघतात, मी विचारलं तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही.

कुणाला मजकूर पाठवायचाच असेल, तर आधी तो गूगल डॉक्समध्ये लिहा. तिथे जुन्या आवृत्त्या तारखेसह राहतात, मला या मॅडमविरुद्धच्या तक्रारीत त्यांचाच आधार मिळाला. व्हॉइस नोट पाठवू नका. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवा. अशी नमुना निबंधांची पीडीएफ तुमच्याकडे आली असेल तर पुढे ढकलू नका, ती कुठल्या नंबरवरून आली ते लिहून ठेवा आणि त्यात तुमच्या ओळखीच्या कुणाची गोष्ट दिसली तर त्यांना आजच कळवा.