बाली ते गिली: मोजून घेतलेल्या नोटा कमी कशा भरतात

इंडोनेशियातल्या बाली बेटावर, कुटा आणि सेमिन्याकच्या गल्ल्यांत मनी चेंजरच्या दुकानाबाहेर फळ्यावर भाव लिहिलेला असतो. बाकी ठिकाणी डॉलरला १६,००० रुपिया (तिथलं चलन) मिळत असतील, तर इथे १६,६००. पाठीवर सॅक, खिशात ३०० डॉलर आणि पुढचे दहा दिवस नुसा पेनिडा, गिली, लोम्बोक या आसपासच्या बेटांवर हिंडायचं ठरवून आलेले दोघे मित्र नेमके याच दुकानात शिरतात. ३०० डॉलरवर १ लाख ८० हजार रुपिया जास्त मिळणार असतात, हिशोब चोख असतो. पण परकीय चलन विकत घेणारा माणूस बाजारभावापेक्षा थोडं कमी देतो, तीच त्याची कमाई. जो जास्त देतोय तो ते पैसे कुठून तरी वसूल करणारच, आणि ते तो तुमच्या डोळ्यांदेखत काउंटरवरच करतो.

ही हातचलाखी नीट समजून घ्या, कारण ती माहीत असलेला माणूससुद्धा पहिल्यांदा फसतो. ३०० डॉलरचे ४९ लाख ८० हजार होतात. एक लाखाची नोट ही तिथली सर्वांत मोठी नोट, म्हणजे ४९ नोटा आणि वर थोडी चिल्लर. पण दुकानदार म्हणतो, लाखाच्या संपल्या. मग तो पन्नास हजारांच्या निळ्या नोटा काढतो, किंवा वीस हजारांच्या हिरव्या. वीस हजारांच्या नोटांत हीच रक्कम २४९ नोटांची होते. तो दहा-दहा लाखांच्या गड्ड्या लावतो आणि प्रत्येक गड्डी तुम्हाला मोजायला देतो. तुम्ही मोजता, बरोबर भरते. इथपर्यंत एकही नोट कमी नसते.

फसवणूक त्यानंतर होते. सगळ्या गड्ड्या मोजून झाल्या की तो त्या परत स्वतःकडे ओढतो, ‘एकदा शेवटचं बघतो’ म्हणत. गड्डी उभी धरून काउंटरवर आपटतो, कडा सरळ करतो. त्या वेळी मागच्या बाजूच्या तीन-चार नोटा बोटाने खाली सरकवल्या जातात आणि काउंटरच्या आतल्या खणात किंवा मांडीवर पडतात. काउंटर छातीइतका उंच असतो तो यासाठीच. त्याच क्षणी दुकानातला दुसरा माणूस विचारतो, ‘इंडिया? मुंबई? कुठल्या हॉटेलात उतरलात?’ तुमची नजर वर जाते. तीन गड्ड्यांमधून चार-चार नोटा गेल्या तर पन्नास हजारांच्या १२ नोटा, म्हणजे ६ लाख रुपिया, आपले तीन हजार रुपयांच्या वर. ते जास्तीचे १ लाख ८० हजार वजा केले तरी चार लाख वीस हजार त्याच्या खणात. दुकानाबाहेर येऊन पुन्हा मोजल्यावर कळतं, पण तोवर त्याच्या दृष्टीने व्यवहार संपलेला असतो.

दोघं असूनही माणसं फसतात, कारण दोघंही नोटाच मोजत असतात. कामं आधीच वाटून घ्या. एकाने मोजायचं. दुसऱ्याने फक्त दुकानदाराचे हात बघायचे, कुणी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. डॉलर मोजणाऱ्याच्या मुठीत राहतील, रुपिया पूर्ण हातात येईपर्यंत काउंटरवर ठेवायचे नाहीत. आणि नोटांना शेवटचा हात तुमचा लागला पाहिजे. तुम्ही मोजल्यावर त्याने गड्डीला नुसतं बोट लावलं तरी पहिल्यापासून मोजा. यात संकोच करू नका. प्रामाणिक दुकानदार स्वतःच नोटा तुमच्यासमोर सरळ काउंटरवर पसरून मोजतो, तुम्हाला मोजायला सांगतो आणि पुन्हा हात लावत नाही.

कॅल्क्युलेटरवरचा आकडाही स्वतःच्या फोनवर पडताळा. काही कॅल्क्युलेटर मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे असतात. कमिशनचं आधी विचारा, कारण फळ्यावरच्या भावाखाली ते बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. नोटा कमी भरल्याचं तिथेच लक्षात आलं तर भांडत बसू नका, डॉलर परत मागा. बहुतेकदा ते मुकाट्याने परत देतात, कारण दारात गर्दी जमलेली त्यांना परवडत नाही. परत आलेल्या डॉलरच्या नोटाही मोजून घ्या.

बँक इंडोनेशियाचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, परवाना असलेल्या दुकानावर ‘पीव्हीए बेरिझिन’ असं लिहिलेला शिक्का असतो. ‘पीव्हीए’ म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार, ‘बेरिझिन’ म्हणजे परवानाधारक. नुसतं ‘ऑथराइज्ड’ लिहिलेली पाटी कुणीही लावू शकतो. काचेचं दार, एसी, छापील पावती देणारं संगणकावरचं काम असलेलं दुकान निवडा. स्मृतिचिन्हांच्या किंवा मसाजच्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला चेंजर टाळा. भाव पाच-पन्नास रुपियांनी कमी मिळाला तर मिळू दे. आणि घरून निघतानाच डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या घ्या. शाईचा ठिपका किंवा छोटीशी फाटलेली कड असली तर त्याच नोटेला कमी भाव देतात, आणि तिथे वाद घालायला जागा नसते.

एटीएम वापरायचं तर बँकेच्या शाखेतलं वापरा. ‘तुमच्या चलनात रक्कम बदलून हवी का’ असं मशीन विचारतं तेव्हा नाही म्हणा, नाहीतर त्या मशीनचा महाग भाव लागतो. बऱ्याच मशिनांत पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर, त्यामुळे नोटा घेऊन माणूस निघून जातो.

आता बोट. बालीहून गिलीला जाणाऱ्या फास्ट बोटी पादांगबाई, सेरांगान, सानूर, आमेद अशा ठिकाणांहून सुटतात. पादांगबाईहून गिली त्रावांगानला दीड-दोन तास लागतात. रस्त्यावरचा एजंट देतो ते तिकीट नसतं, ते व्हाउचर असतं. बंदरावरच्या खिडकीत ते देऊन तिकीट घ्यावं लागतं. छापील दर आणि प्रत्यक्षात मिळणारा दर यांत मोठा फरक असतो, तेवढी घासाघीस सगळेच करतात. खरा घोळ परतीच्या तिकिटात आहे. एजंट तुम्हाला ‘ओपन रिटर्न’ विकतो, म्हणजे कधीही परत या. जाताना मात्र ज्या बोटीचं नाव सांगितलं होतं तिच्याऐवजी दुसऱ्याच बोटीत बसवतात. परत येताना त्या बोटीचा माणूस म्हणतो, हे व्हाउचर आमचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जागाही नसते. मग दोघांची नवी तिकिटं. म्हणून जायचं-यायचं तिकीट एकदम घेऊ नका. घ्यायचंच तर पावतीवर बोटीचं नाव, बंदराचं नाव, सुटण्याची वेळ, परतीची तारीख, दोघांची नावं आणि हॉटेलवरून नेण्याची सोय आहे की नाही, हे सगळं लिहून घ्या.

‘समुद्र खवळलाय, तुमची बोट रद्द झाली, दुसरी माझ्याकडे आहे’ असं कुणी म्हणालं तर एकच गोष्ट तपासा. बंदराचा अधिकारी, तिकडे त्याला ‘शाहबंदर’ म्हणतात, हवामानामुळे वाहतूक थांबवतो तेव्हा सगळ्यांच्याच फास्ट बोटी धक्क्याला लागलेल्या असतात. एक रद्द आणि शेजारची चालू, हे हवामान नव्हे.

धक्क्यावर सॅक कुणी उचलली तर ती परत हातात घ्या. वीस पावलं नेऊन मग माणशी पन्नास हजार मागतात, आणि तेव्हा बोट सुटायला आलेली असते. एक जण खिडकीत असताना दुसऱ्याने दोन्ही सॅकजवळच थांबायचं. दोघांनी एकदम रांगेत जायचं नाही.

लोम्बोकच्या बाजूने गिलीला जाणाऱ्यांची परीक्षा बांग्सालच्या बंदरावर होते. गिलीच्या तिन्ही बेटांना, त्रावांगान, मेनो आणि आयर, जाणाऱ्या साध्या सार्वजनिक बोटी तिथून सुटतात. गाड्या धक्क्याच्या अलीकडेच थांबवतात आणि पुढचं अंतर चालत जायचं असतं. त्या टप्प्यावर माणसं गाठतात. घोडागाडीवाला सांगतो की बंदर लांब आहे. दुसरा सांगतो, सार्वजनिक बोट संपली, आता चार्टर, म्हणजे अख्खी बोट भाड्याने. तिसरा म्हणतो, तिकीट इथूनच घ्यावं लागतं. चौथा सांगतो, बेटावर डासांचं मलम आणि पाणी मिळत नाही. तिन्ही बेटांवर दुकानं आहेत, सगळं मिळतं. तिकीटघर थेट किनाऱ्यावर आहे, फलकावर दर लिहिलेले असतात आणि सार्वजनिक बोटीचं भाडं हजारांत भागतं, तर चार्टरला लाखांत मोजावे लागतात. बोट वेळेवर नाही, भरली की सुटते. सकाळी पटापट भरतात, दुपारनंतर थांबावं लागतं आणि संध्याकाळी बंद होतात. म्हणून तीनच्या आत बांग्सालला पोचा. उशिरा पोचलेल्या माणसाला ‘बोट संपली’ हे खरं की खोटं, हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही.

भाव ऐकताना दोन शब्द लक्षात ठेवा: ‘रिबु’ म्हणजे हजार, ‘जुता’ म्हणजे दहा लाख. ‘पन्नास’ एवढंच सांगितलं तर ते पन्नास हजार, पण दोघांचे मिळून की माणशी, हे बसण्याआधी विचारा. उतरताना विचारलं तर उत्तर नेहमी ‘माणशी’ असतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर आगमनाचा व्हिसा ५ लाख रुपियांना ३० दिवसांसाठी मिळतो. ऑनलाइन अर्ज करताना शोधात वर दिसणारी जाहिरातीची संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्ता ‘गो डॉट आयडी’ने संपतो, तो बघा. बालीचा पर्यटक कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे, १ लाख ५० हजार रुपिया. इंडोनेशिया सोडेपर्यंत तो एकदाच भरायचा असतो. गिलीहून बालीला परतताना कुणी पुन्हा मागितला तर पहिल्या पावतीचा कोड दाखवा.

गिलीच्या बेटांवर पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे, पण नुसा पेनिडावर स्कूटरशिवाय भागत नाही आणि तिथे रस्ते खडबडीत आहेत. स्कूटर देणारा पासपोर्ट ठेवून घ्यायचा आग्रह धरतो. देऊ नका, छायाप्रत आणि थोडी रोख अनामत द्या. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. पासपोर्ट त्याच्याकडे असेल आणि तुमची बोट दहाची असेल, तर साडेनऊला त्याला एक ओरखडा सापडतो, आणि बोट सुटायची वेळ जवळ येते तसा त्या ओरखड्याचा भाव वाढत जातो. घेताना एकाने स्कूटरभोवती हळू फेरी मारायची, दुसऱ्याने व्हिडिओ काढायचा: आरसे, पुढचं मडगार्ड, सायलेन्सरखालची बाजू, सीटची शिवण, काट्यावरचं पेट्रोल आणि शेवटी दुकानदाराचा आवाज येईल असा त्याच्याशी दोन वाक्यांचा संवाद. परत करायची तर बोटीच्या आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, तोच व्हिडिओ फोनवर उघडून ठेवून.