दहावीनंतर इंजिनीअरिंग की विमान? ठाणे-नवी मुंबईच्या पालकांसाठी

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली, आणि आपल्याकडच्या दहावीच्या घरांत एक नवा विषय शिरला. आधी वाद एवढाच असायचा, डिप्लोमा की अकरावी सायन्स? आता मुलं ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणतात आणि आईबाप फी ऐकून गप्प होतात.

खरं तर रस्ते चार आहेत. इंजिनीअरिंगची पदवी, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, विमान देखभालीचा परवाना म्हणजे एएमई, आणि पायलटचा परवाना म्हणजे सीपीएल. पहिल्या दोन्हींत मिळतं ते प्रमाणपत्र कायमचं. पुढच्या दोन्हींत डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना मिळतो आणि तो सांभाळावा लागतो. पायलटला तर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी पार करावीच लागते.

डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर. ठाण्यात व्हीपीएम, वाशीत अग्नेल ही नावं घरोघरी माहीत आहेत. तीन वर्षांनी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हिशेब करून पाहा: डिप्लोमा तीन आणि पदवी तीन, किंवा अकरावी-बारावी दोन आणि पदवी चार. दोन्हीकडे सहाच. फरक हा, की डिप्लोमावाल्याकडे तिसऱ्या वर्षाअखेर रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत अर्ज करण्याजोगं काहीतरी असतं. बारावीवाल्याचं त्या वेळी पदवीचं पहिलं वर्ष संपत असतं. मात्र डिप्लोमात गणित बेताचं असतं आणि थेट दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या पोरांची दमछाक होते ती तिथेच. पवईच्या आयआयटीत एरोस्पेस करायचं स्वप्न असेल, तर जेईईची तयारी अकरावी-बारावीच्या वाटेनेच सोयीची.

मुलगी असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना 2024-25 पासून राज्य सरकार कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण भरून देतं. पायलटच्या प्रशिक्षणाला ही सवलत नाही.

आता सीपीएल. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय 18, डीजीसीएचे पेपर (प्रत्येकी 70 टक्क्यांना पास) आणि 200 तासांचं उड्डाण. खर्च 50 लाखांच्या खाली सांगणाऱ्याला त्यात काय काय धरलेलं नाही, ते विचारा. एअरलाइनचं विमान उडवायचं तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, लागतं, त्याचे लाखो रुपये बहुतेकदा वेगळे. शिवाय प्रशिक्षण उलव्याला होत नाही. धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी जाऊन राहावं लागतं, आणि पावसाळ्यात किंवा धुक्यात उड्डाण थांबलं की तासांबरोबर हॉस्टेलचा खर्चही लांबतो. घोडबंदरचा फ्लॅट तारण ठेवून हे करावं का? माझं मत, नाही. हप्ता नोकरीची वाट बघत नाही. पैसा हाताशी असेल, तरी फी भरण्याआधी क्लास 2 वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा असला म्हणून अडत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो फी भरल्यावर कळण्यात काय अर्थ आहे?

एएमईकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. विमान दुरुस्त झालं, आता उडायला हरकत नाही, अशी सही ज्याच्या परवान्यावर होते तो हा माणूस. एरोनॉटिकलची पदवी घेतलेल्या इंजिनीअरला ती सही करता येत नाही, त्याचं शिक्षण विमानाच्या रचनेचं. या दोन गोष्टींत पालकांची कायम गल्लत होते आणि काही क्लास ती गल्लत दूर करत नाहीत. एएमईला बारावी पीसीएम चालतं आणि इंजिनीअरिंगचा डिप्लोमाही चालतो, म्हणजे मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणाऱ्यालाही हे दार उघडं राहतं. बी1 म्हणजे यांत्रिक बाजू, बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. परवान्याच्या परीक्षेत प्रत्येक मॉड्यूलला 75 टक्के लागतात आणि परवाना हाती यायला पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. फी सीपीएलच्या मानाने कितीतरी कमी. काम मात्र रात्रपाळीचं, कारण दिवसा विमान उडत असतं.

विमानतळ जवळ आला म्हणून पायलट व्हावं, हे तर्काला धरून नाही. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. त्यातून आजूबाजूला कामं निघतील ती मुख्यतः ग्राउंड हँडलिंग, कार्गो, सुरक्षा, दुकानं आणि देखभालीची. पायलटला एअरलाइन घेते. तुम्ही पनवेलला राहता की परभणीला, याचं तिला काही नाही. ‘एव्हिएशन डिप्लोमा’च्या बऱ्याच पाट्या याच ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रूच्या कामांसाठी असतात. ते कोर्स वाईट नाहीत, पण त्यांतून परवाना मिळत नाही. एएमई किंवा फ्लाइंगचं नाव घेणाऱ्या संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, ते डीजीसीएच्याच यादीत तपासा.

उडायचंच आहे आणि पैसे नाहीत, तर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आहे. वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर प्रवेश देते.

अकरावीला विषय निवडताना गणित सोडू नका, एवढं मात्र ऐकाच. नीटसाठी म्हणून गणित सोडलेली मुलं पुढे पायलटकडे वळतात, तेव्हा एनआयओएस या मुक्त विद्यालयातून पुन्हा गणिताचा पेपर द्यायची वेळ येते. आणि अजून ठरत नसेल, तर अकरावीचा ऑनलाइन अर्ज व डिप्लोमाचा अर्ज दोन्ही भरून ठेवा. प्रक्रिया वेगवेगळ्या आहेत, दोन्हींच्या यादीत नाव लागलं तर निवडायचं तेव्हा.