कांदाचाळीचं छप्पर: सिमेंटचा पत्रा की रंगीत पत्रा?

निफाड, चांदवड, येवल्याकडे कांदा साठवायची नवी चाळ उभी करताना दिशा, उंची, फळ्यांमधलं अंतर यावर लवकर एकमत होतं, छपरावर होत नाही. जुनी माणसं सिमेंटचा पत्रा सांगतात, फॅब्रिकेशनवाला रंगीत पत्र्याचा, म्हणजे रंग चढवलेल्या पातळ लोखंडी पत्र्याचा, आग्रह धरतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. चाळीची मापं तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो आणि फक्त छपराचं बोलतो.

नुसत्या कांद्याचा विचार केला तर सिमेंटचा पत्रा सरस, हे आधीच मान्य करतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि त्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान, ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. सहा मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा पत्रा सावकाश तापतो. पातळ लोखंडी पत्रा दुपारी चटकन तापतो आणि रात्री तितक्याच चटकन गार होतो. मग पावसाळी दमट हवेत त्याला आतून घाम येतो आणि थेंब थेट वरच्या थरावर पडतात. सड तिथूनच सुरू होते. चाळीला कौलं किंवा सिमेंटचा पत्रा घाला असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, ते उगाच नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या नेहमीच्या सिमेंट पत्र्यात साधारण आठ-दहा टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज), म्हणजे क्रायसोटाइल असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार, पांढरा धरून, पहिल्या गटात ठेवले आहेत. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा त्या गटाचा अर्थ. फुप्फुस, स्वरयंत्र, अंडाशय यांचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्यातले मुख्य. तंतू डोळ्याला न दिसण्याइतका बारीक असतो, श्वासातून खोल जातो आणि शरीराला तो पुरता बाहेर काढता येत नाही. रोग उमटायला २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणूनच "आमच्या आजोबांपासून आहे, कुणाला काय झालं?" हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियाने २००३च्या अखेरीस आणि युरोपीय संघाने २००५पर्यंत ॲस्बेस्टॉस बंद केला. आपल्याकडे खाणकाम थांबलं; आयात आणि वापर मात्र कायदेशीर आहे.

घाबरवण्याचा हेतू नाही. शाबूत पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेला असतो. त्याखाली बसून कांदा निवडणाऱ्या बाईला होणारा धोका आणि पत्रा कापणाऱ्या मिस्त्रीला होणारा धोका यांत फार मोठं अंतर आहे. त्या छपरावरचं पाणी पोटात गेल्याने कर्करोग होतो, असाही ठोस पुरावा नाही. धोका नाकातून, धुळीतून आहे. आणि धूळ होते ती पत्रा कापताना, भोकं पाडताना, फोडताना.

हे सगळं टाळता येतं, पण कागदावर. पत्रा धरून ठेवणाऱ्या इंग्रजी J आकाराच्या हुकासाठी भोक पन्हळीच्या माथ्यावर, हुकापेक्षा दोन मिलिमीटर मोठं, हाताच्या ड्रिलने, पाणी टाकत पाडायचं; ठोकून नाही. पाख्याची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, लांबी पत्र्याच्या लांबीतच बसवली तर कापायची वेळ येत नाही. दोन ओळी लावल्या की जिथे चार पत्र्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे दोन कोपरे तिरके कापावेच लागतात, नाहीतर पत्रा बसत नाही आणि नट आवळताना तडकतो. हे काम हळूहळू हातकरवतीने करायचं असतं. प्रत्यक्षात मिस्त्री ग्राइंडर काढतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि दोन मिनिटांत पांढऱ्या ढगात उभा असतो. हा तंतू रुमालाने अडत नाही. त्यात तो बिडी ओढणारा असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी चढतो. तेच कपडे घरी झटकले जातात. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

तरीही माझं पारडं ज्याने फिरवलं ती गोष्ट यापेक्षा किरकोळ वाटेल: तुकडे. गारपीट झाली, फांदी पडली, कुणी पर्लिन (पत्र्याखालचा आडवा आधार) सोडून मधेच पाय ठेवला, की पत्रा फुटतो. (जुन्या सिमेंट पत्र्यावर फळी न टाकता चढू नये, तंतू पुढे कधी मारेल तेव्हा मारेल, खाली पडून माणूस त्याच दिवशी जातो.) लोखंडी पत्रा खराब झाला तर भंगारवाला वजनावर पैसे देऊन नेतो. सिमेंटचा तुकडा कुणी नेत नाही. नाशिक शहरात असाल तरी तो घंटागाडीत द्यायची वस्तू नव्हे. ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्यात मोडतो. अशा कचऱ्याची राज्यातली केंद्रं तळोजा, रांजणगाव अशा ठिकाणी आहेत, चार पत्र्यांसाठी कोण जाणार? मग तुकडे बांधाला लागतात, चिखलात भराव म्हणून पडतात, त्यांच्यावरून ट्रॅक्टर जातो आणि भुगा होतो. सगळी काळजी घेऊन बसवलेल्या पत्र्याचा शेवटही असाच होतो, आणि त्यावर मला तरी समाधानकारक उत्तर सापडलं नाही. आमच्या चाळीवर म्हणून रंगीत पत्रा आहे.

पण तो नुसता टाकून भागत नाही. रंग पांढरा किंवा फिका घ्या. निळा-लाल दिसायला छान, कांद्याला वाईट. आढ्याला हवा निघायला फट ठेवा, वर टोपी. वळचण तीन फूट बाहेर काढा. कांद्याचा थर पाच फुटांवर जाऊ देऊ नका आणि थर व पत्रा यांत मोकळी हवा खेळू द्या. छपराच्या वर फूटभर अंतरावर शेडनेट ताणलं तर दुपारचा ताप बराच तुटतो. उसाचं पाचट थेट पत्र्यावर पसरू नका: ओल धरतं आणि गंज चढतो. घाम अगदीच त्रास देत असेल तर खालून इन्सुलेशन असलेला पत्रा मिळतो, महाग पडतो. वजनाचा फायदा मात्र मोठा: तीन मीटरचा सिमेंटचा पत्रा ४०-४५ किलोचा, तेवढाच अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा पंधरा किलोच्या आसपास. पत्र्याचे जास्तीचे पैसे छपराचा भार पेलणाऱ्या कैच्यांच्या लोखंडात थोडेफार वसूल होतात. हलका असल्यामुळेच वाऱ्याला उचलतो, तेव्हा कडेच्या ओळीत स्क्रू दाट लावा.

गोठ्याचं गणित वेगळं. शेण-मुताच्या अमोनियाने रंगीत पत्रा आतून खाल्ला जातो; तिथे, कारागीर मिळत असेल तर, मी कौलांकडे झुकेन. ॲस्बेस्टॉसमुक्त सिमेंट पत्राही निघाला आहे आणि कांद्याला तो बहुधा सगळ्यांत सोयीचा, फक्त किंमत जास्त. "फायबर सिमेंट" एवढं लिहिलेलं पुरत नाही, ॲस्बेस्टॉसवालाही त्याच नावाने विकला जातो. डोळ्याने फरक कळत नाही, तेव्हा "ॲस्बेस्टॉस नाही" हे बिलावर लिहून घ्या.

आणि जुन्या चाळीवर सिमेंटचा पत्रा शाबूत असेल तर हे वाचून तो उतरवायला जाऊ नका. शेवाळ तारेच्या ब्रशने घासू नका, प्रेशरने धुऊ नका. उतरवायचाच झाला तर आधी भिजवा, पत्रा न तोडता हुक कापा, अख्खा खाली घ्या, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पडलेली धूळ झाडूने लोटू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकंही त्याच गुंडाळीत घाला.