गॅस गिझर की लाईटवरचा टाकीचा गिझर: नॉबची सेटिंग कोणाची टिकते

आमच्या घरी गॅस गिझर पाच हिवाळे चालला आणि आता लाईटवरचा 15 लिटरचा टाकीवाला गिझर आहे, त्यामुळं कोणी विचारलं की कोणता घेऊ तर दोन्हीबद्दल अनुभवाचं सांगता येतं. किंमत, गॅरंटी, लिटर वगैरे दुकानदार सांगतोच, ते मी सांगत नाही. मी फक्त नॉबचं बोलतो, म्हणजे एकदा मनासारखी सेटिंग लावली की ती उद्या सकाळी तशीच राहते का, कारण माझा निर्णय त्याच्यावरच झाला.

गॅस गिझर घेतला 2018 च्या डिसेंबरात. नागपूरचा पारा 3.5 वर गेला होता ती थंडी, आणि आमच्या दर्यापूरकडं पण पहाटे न्हाणीत पाय ठेववत नव्हता. त्याच्या आधी आम्ही अंगणातल्या चुलीवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या लावून गंगाळात पाणी तापवायचो, आई पाच वाजता उठून धुरात बसायची, तो त्रास गॅस गिझरनं एका दिवसात बंद केला हे मान्यच करायला पाहिजे. लाईन गेली तरी चालतो कारण ठिणगीला दोन मोठे सेलच लागतात, पाणी अर्ध्या मिनिटात गरम, आणि पाहुणे आले तरी एकामागोमाग सगळ्यांच्या आंघोळी होतात, कोणाला थांबावं लागत नाही.

आता त्याच्या सेटिंगचं. एक नॉब आगीचा, एक पाण्याचा, आणि बहुतेकांना मध्ये उन्हाळा-हिवाळ्याचा खटका असतो, त्यानं किती बर्नर पेटायचे ते ठरतं. आपल्याकडं उन्हाळ्यात तो खटका कामाचा नाही, मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचंच पाणी अंगावर घेववत नाही. पाण्याचा नॉब बारीक केला की पाणी जास्त गरम येतं, कारण तेवढ्याच आगीवर कमी पाणी तापतं, आणि पुष्कळ जण इथंच चुकतात, पाणी कडक आलं की बाजूचा थंड नळ सोडतात. थंड नळ सोडला की गिझरमधून जाणारं पाणी अजून कमी होतं आणि ते अजूनच कडक येतं. म्हणून मिसळणं नळावर करायचंच नाही, पाहिजे तेवढं गरम गिझरवरच सेट करायचं. एवढं कळलं की गॅस गिझर चांगला चालतो, पण पाण्याचं प्रेशर एकसारखं असलं तरच.

आणि माझं घोडं नेमकं तिथंच अडलं. हा गिझर पाण्याच्या दाबानं पेटतो, आत रबराचा पडदा असतो, दाबानं तो ढकलला गेला की गॅस सुटतो. आमची टाकी स्लॅबवर अशीच ठेवलेली, खाली स्टँड नाही, म्हणजे न्हाणीपर्यंत उंची जेमतेम. टाकी भरलेली असली की एक सेटिंग, अर्धी झाली की दुसरी, आणि स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की तिसरीच. बाबांना गुडघ्याचा त्रास, ते स्टुलावर बसून आंघोळ करतात, डोक्याला साबण लावलेला, डोळे मिटलेले, आणि आत कोणीतरी गंज-पातेली विसळायला नळ सोडायचं. आधी पाणी एकदम कडक यायचं, पाठ पोळायची, मग दाब अजून पडला की आग विझायची आणि त्याच धारेतून बर्फासारखं पाणी. "पोट्टेहो, नळ बंद करा ना बाप्पा, थंडं पानी येऊन रायलं!" ही हाक मी कितीतरी सकाळी ऐकली आणि दर वेळी धावत मागच्या बाजूला जाऊन नॉब फिरवला. गिझर बाहेरच्या भिंतीवर होता, आणि तो बाहेरच पाहिजे, बंद न्हाणीत गॅस गिझर लावू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते आणि जीव जातो. पण बाहेर म्हणजे आंघोळ करणाऱ्याच्या हातात नॉब नाही. शेवटी मनात हेच आलं की म्हाताऱ्या माणसाला रोज भीत भीत आंघोळ करावी लागते तर आपण केलं काय.

टाकीवाल्याचं असं काही नाही. एकच नॉब, आणि आतलं पाणी त्या तापमानाला आलं की थर्मोस्टॅट कॉईल बंद करतो. प्रेशर कमी झालं तर धार बारीक होते पण एकदम पोळत नाही. मात्र नॉब पूर्ण वर ठेवायचा नाही, हे मी नुकसान करून शिकलो. आपला भाग खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट, ते बोअरचं पाणी जेवढं जास्त तापवाल तेवढा क्षार कॉईलला चिकटतो. पहिल्या वर्षी नॉब शेवटपर्यंत होता, हिवाळा संपल्यावर मेकॅनिकनं खोललं तर कॉईल चुन्याच्या कांडीसारखी पांढरी, जाड झालेली, ती बदलावीच लागली. मग त्याच्या सांगण्यावरून 50 अंशांच्या आसपास ठेवला, पुढच्या वेळी खोललं तर थर नखानं निघत होता. ॲनोड रॉडही, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी आतली धातूची कांडी, तेव्हाच बघून घ्यायचा, आपल्या पाण्यात तो लवकर झिजतो, तो संपला की टाकी गंजायला लागते. नॉबवर आकडे नाहीत, नुसते ठिपके आहेत, म्हणून बायकोनं हातानं अंदाज घेऊन बरोबर जागेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, आता आईपण बघून सांगते की हललाय की नाही. फक्त कोमट पाणी टाकीत साठून राहिलं तर त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात, ते 60 च्या वर मरतात, म्हणून रविवारी केस धुवायचे असतात तेव्हा आम्ही नॉब वर करून पाणी चांगलं कडक होऊ देतो.

कमी काय आहे तेही सांगतो. 50 वर ठेवला तर थंडीत थंड पाणी मिसळून जेमतेम एका माणसाची भरलेली बादली होते, पुढच्याला थांबावं लागतं. 2000 वॅटच्या कॉईलला व्होल्टेज चांगलं असलं तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण 170 पर्यंत पडलं की कॉईलची ताकद निम्म्यावर येते आणि वेळ दुप्पट लागतो. म्हणून आम्ही साडेचारलाच बटण दाबतो, गावातले बाकीचे हिटर लागायच्या आधी. गिझरवरच्या वीजबचतीच्या स्टारच्या मागं फार लागू नका असं मला वाटतं, स्टार म्हणजे तापलेलं पाणी टाकीत पडून असताना किती उष्णता जाते त्याचा हिशोब, तुम्ही अर्धा तास लावून बंद करणार असाल तर फरक थोडाच पडतो. अर्थिंग मात्र नीट पाहिजे, त्यात काटकसर करू नका.

प्रत्येकाचं घर वेगळं, त्यामुळं माझंच बरोबर असं नाही. आमचा गॅस गिझर आता साळ्याकडं आहे, त्याचं घर शेतात, लाईन कृषी फीडरवरची, म्हणजे शेतीपंपांसाठीची, कधी दिवसा तर कधी रात्री, सकाळी असेलच याचा भरवसा नाही. त्याची टाकी अँगलच्या उंच स्टँडवर आहे आणि न्हाणीला पाईप वेगळा टाकलाय, तिथं तोच गिझर एका सेटिंगवर पूर्ण हिवाळा चालला. तुमचं घर तसं असेल तर गॅसच घ्या. पण घर गावठाणात असेल, टाकी बुटकी असेल आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर मी तरी टाकीवालाच घ्या म्हणीन. आमच्याकडं बाबा आता न्हाणीचं दार आतून लावून निवांत आंघोळ करतात, स्वयंपाकघरातला नळ चालू असला तरी.