आर-टू-स्टार की क्यूएसएम? मेंदूतलं लोह मोजताना माझा कल

विस्मरणाच्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये लोहही मोजायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. रत्नागिरीत मी काही वर्षं दोन्ही मॅप काढतोय: आर-टू-स्टार (R2*), म्हणजे सिग्नल विझण्याचा वेग, आणि क्यूएसएम (QSM), म्हणजे ऊतीची चुंबकीय ग्रहणशीलता. एकाच मल्टि-इको ग्रेडियंट-इको स्कॅनमधून (यात सिग्नल एकामागून एक अनेकदा टिपतात, प्रत्येक टिपणं म्हणजे एक इको) दोन्ही निघतात, तेव्हा रुग्णाला जास्त वेळ झोपवावं लागत नाही. कुठल्या आकड्यावर विसंबायचं, एवढंच ठरवायचं असतं.

आर-टू-स्टार सरळ आहे. इकोगणिक सिग्नल किती झपाट्याने घटतो ते पाहायचं, मॅग्निट्यूडवर, म्हणजे सिग्नलच्या ताकदीवर, भागतं. क्यूएसएमचा व्याप मोठा. फेज, म्हणजे सिग्नलच्या लहरीचा कोन, उलगडा, हवेच्या पोकळ्यांमुळे येणारं बाहेरचं क्षेत्र वजा करा, मग उरलेल्या क्षेत्रावरून ग्रहणशीलता काढायचं उलटं गणित, ज्याला एकच एक उत्तर नसतं. त्यातून आकडा सापेक्ष. सीएसएफशी (मेंदूतल्या द्रवाशी) तुलना केली की अख्ख्या मेंदूशी, हे टिपून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी स्वतःचेच आकडे जुळत नाहीत.

त्यामुळे मी सुरुवातीला आर-टू-स्टारवरच होतो. मग देवगडकडच्या एक आजी आल्या. दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये (मेंदूच्या खोलातल्या एका भागात) आकडा बराच वर. तिथे लोह सर्वांत जास्त असतं, हे हालग्रेन आणि सोरांडर यांनी १९५८ सालीच शवविच्छेदनातल्या मेंदूंवर मोजून दाखवलं आहे. त्या भरवशावर मी रिपोर्टात ‘लोह वाढलेलं’ असं लिहिलं. मुलाने घरी जाऊन आजींच्या रक्तक्षयाच्या गोळ्या बंद केल्या. पुढे पडल्या म्हणून सीटी झाला, तेव्हा कळलं की ते बव्हंशी कॅल्शियम होतं. मुलाला फोन मीच केला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण ती रुखरुख अजून गेलेली नाही.

आर-टू-स्टार लोहानेही वाढतो आणि कॅल्शियमनेही. क्यूएसएममध्ये लोह धन बाजूला जातं, कॅल्शियम ऋण बाजूला. जुना स्कॅन काढून पडताळावं म्हटलं, तर फेज साठवलेलाच नव्हता. आमच्याकडे आता तो नेहमी साठवतात. तुम्हीही टेक्निशियनला आजच सांगून ठेवा.

अल्झायमरच्या कॉर्टेक्सबद्दल (मेंदूच्या बाहेरच्या थराबद्दल) मात्र जपून बोलावं. तिथे लोह वाढतं तसं मायलिनही (मज्जातंतूंवरचं वेष्टन) झिजतं. आर-टू-स्टारमध्ये हे दोन परिणाम एकमेकांना खातात, आकडा कधीकधी जागचा हलतही नाही. क्यूएसएममध्ये दोन्ही एकाच दिशेने ढकलतात, म्हणून बदल दिसतो, पण तो सगळा लोहाच्या नावावर टाकू नये. हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, हवेच्या पोकळ्यांपासून फार लांब नाही, तिथे दोन्ही मॅप बिघडू शकतात. आणि आकड्यावरून औषध ठरवण्याचा मोह तर नकोच: २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या औषधाच्या अल्झायमरमधल्या चाचणीत क्यूएसएमवर हिप्पोकॅम्पसमधलं लोह उतरलं, पण रुग्णांची बौद्धिक घसरण प्लासिबोपेक्षा वेगाने झाली.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. इथले म्हातारे आईवडील पावसाळा मुंबईला मुलाकडे काढतात, गणपतीला गावी येतात. पहिला स्कॅन आमच्या दीड टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक), दुसरा तिकडच्या तीन टेस्लावर. क्षेत्र वाढलं की आर-टू-स्टार आपोआप वाढतो, मेंदूत काही बदललेलं नसलं तरी. क्यूएसएमचा आकडा तत्त्वतः तोच राहतो. प्रोसेसिंग मात्र दोन्हीकडे सारखं हवं. ज्यांचे रुग्ण एकाच मशीनवर येतात आणि हाताशी सीटी असतो, त्यांचं कदाचित आर-टू-स्टारवर छान भागेल. माझे रुग्ण तसे नाहीत.