प्रेग्नन्सीत बीपी असेल तर लॅब अशी हवी: सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ४.५, अर्धा का कापला ते खाली सांगते.

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि बत्तिसाव्या आठवड्यात बीपी निघालं १५०/१००, लघवीत अल्ब्युमिन (प्रोटीन) दोन प्लस. प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बाकी अवयवांनाही त्रास देणारा आजार. लॅबेटॅलॉल हे बीपीचं औषध सुरू केलं आणि डॉक्टर म्हणाल्या आठवड्यातून दोनदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हरच्या टेस्ट आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) करायचंच, चुकवायचं नाही. पहिल्यांदा आम्ही घरी येऊन ब्लड नेणाऱ्या एका पॅकेजवाल्या कंपनीकडून केलं, माणूस वेळेवर आला, रेट पण कमी, पण रिपोर्ट आला तो ॲपवर, प्लेटलेट ६२,०००, लाल अक्षरात लो आणि बाकी काही नाही. ना फोन, ना कुणा डॉक्टरचा शेरा. नॉर्मल असतात दीड ते साडेचार लाख, त्यामुळे घरात सगळ्यांचे हातपाय गळाले, काकू तर लगेच पपईची पानं आणायला निघाल्या कारण डेंग्यूत सगळे देतात म्हणून. (गरोदर बाईला तो रस देऊ नका प्लीज, आणि या आजारात प्लेटलेट त्याने वाढत नाहीत.) आमच्या डॉक्टर म्हणाल्या आधी जिथे पॅथॉलॉजिस्ट स्वतः बसतात तिथे जा आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं ब्लड) बघायला सांगा.

तर तिथे या लॅबचा संबंध आला. छोटीशी आहे, दोन खोल्या, पण पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः मायक्रोस्कोपवर असतात. त्यांनी काचेवर ब्लड पसरून बघितलं आणि मलाही बोलावून दाखवलं, प्लेटलेटचे जांभळट ठिपके सुटे नव्हतेच, पुंजके झाले होते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधे जे ईडीटीए नावाचं रक्त गोठू न देणारं रसायन असतं त्याने काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत, मग आकडा खोटाच कमी येतो. त्यांनी निळ्या टोपणाच्या, सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमधे परत ब्लड घेतलं, आकडा आला १,३८,०००. आणि दुसऱ्यांदा टोचल्याचे पैसे घेतले नाहीत.

पण 'काही नाही, घरी जा' असंही नाही म्हणाल्या, हे मला जास्त आवडलं. नीट बसवून सांगितलं की साध्या प्रेग्नन्सीतही प्लेटलेट थोड्या उतरतात पण सहसा लाखाच्या खाली जात नाहीत, प्रीएक्लाम्प्सियात मात्र वारेतून सुटणाऱ्या काही द्रव्यांमुळे आईच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, प्लेटलेट तिथे चिकटून खर्ची पडतात, मग शरीर घाईघाईने नव्या मोठ्या प्लेटलेट बाहेर सोडतं म्हणून रिपोर्टमधला एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) वाढलेला दिसू शकतो. एका आकड्यापेक्षा उतार बघायचा. त्यामुळे प्रत्येक रिपोर्टखाली मागचे आकडे ओळीने छापून यायचे आणि हाताने लिहिलेला शेरा, 'पुंजके नाहीत, तुटक्या लाल पेशी नाहीत'. तुटक्या लाल पेशी कशाला शोधतात तर हेल्प सिंड्रोमसाठी, त्यात लाल पेशी फुटतात, लिव्हरची एन्झाइम वाढतात आणि प्लेटलेट पडतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

पुढे खरंच उतरल्या. १,३८,००० वरून १,१२,०००, आणि पस्तिसाव्या आठवड्यात ९४,०००, एसजीओटी (लिव्हरचं एक एन्झाइम) नॉर्मलच्या दुपटीच्या वर. त्या दिवशी संध्याकाळी ब्लड दिलेलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होता, पण रात्री साडेनऊला मॅडमचा स्वतःचा फोन, "ताई, मी तुमच्या डॉक्टरांशी बोललेय, सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा." बहिणीला फक्त छातीखाली उजवीकडे दुखत होतं, आम्ही सगळे ॲसिडिटी समजत होतो! हॉस्पिटलमधे लगेच मॅग्नेशियम सल्फेट चालू केलं, फिट येऊ नये म्हणून, आणि पहाटे सिझेरियन. भूलतज्ज्ञ म्हणाले प्लेटलेट सत्तर हजारांच्या वर आहेत म्हणून पाठीतून भूल देता आली. बाळंतपणानंतरही दुसऱ्या दिवशी ८१,००० पर्यंत उतरल्या, मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की एकदोन दिवस अजून उतरू शकतात मग चढतील, तसंच झालं. भाची आणि बहीण दोघी छान आहेत.

आता अर्धा मार्क का कापला. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पाय सुजलेल्या गरोदर बाईला ते जिने म्हणजे शिक्षा आहे. खालून फोन केला तर लॅबमधले दादा खाली येऊन गाडीत बसल्या बसल्या ब्लड घेऊन जातात, पण ते तुम्हाला मागावं लागतं, बोर्डवर कुठेच लिहिलेलं नाही, लिहायला हवं. रविवारी फक्त सकाळी उघडी असते. रेट पॅकेजवाल्यांपेक्षा थोडे जास्त आहेत, मला एक रुपयाही जास्त वाटला नाही. तुमच्या गावात कुठल्याही लॅबला जाणार असाल तर काउंटरवर दोनच गोष्टी विचारा, प्लेटलेट कमी आल्या तर स्मिअर कोण बघतं, आणि रात्री रिपोर्ट बिघडलेला दिसला तर फोन कोण करतं.